पुसण्याआधीचा प्रश्न

सृष्टीला फुकट गेलेली खेप खपत नाही. लहानपणापासूनच. तेरला त्यांच्या घरी हौदावरून गोठ्यात पाणी न्यायला आणि गोठ्यातलं शेण बाहेर टाकायला तिची आई मथुराबाई रोज सकाळी अकरा खेपा करायची. सृष्टी तेव्हा सातवीत होती. तिनं दोन दिवस नुसत्या खेपा मोजल्या. तिसऱ्या दिवशी म्हणाली, "आई, जाताना पाणी नेतीस आन् येताना रिकामी येतीस. येतानाच शेण उचल की." खेपा सातवर आल्या. मथुराबाई म्हणाली, "बापावर गेलीय."

बाप म्हणजे महारुद्र. साखर कारखान्याच्या मिलहाऊसमध्ये, जिथं ऊस पिळतात तिथं, एकतीस वर्षं फिटरच्या हाताखाली काम केलेला माणूस. आता घरीच असतो. कष्टाला तो कधी भ्याला नाही, पण उगाच केलेल्या कष्टाचा त्याला राग येतो. पाना एकदा खाली ठेवून पुन्हा उचलला तरी तो म्हणायचा, "ठेवला कशाला मग?"

सृष्टी डिप्लोमा झाली आणि धाराशिवला नोकरीला लागली. बसस्थानकामागच्या रस्त्याला, सिमेंटच्या दुकानावर, दोन खोल्यांची कंपनी. सात माणसं. काम दूध संकलन केंद्रांसाठी सॉफ्टवेअर करायचं. शेतकरी केंद्रावर दूध घालतो, काटा वजन दाखवतो, दुसरं यंत्र फॅट दाखवतं. ते आकडे वहीत न लिहिता थेट संगणकात यावेत, एवढंच. पण 'एवढंच' फक्त बोलायला. एका केंद्राचा काटा दुसऱ्यासारखा नसतो. कुणाचा आकडा आधी येतो, कुणाचा उशिरा, कुणाचा दोनदा येतो.

हे सगळं खऱ्या संगणकावर तपासलं तर संगणकाची वाट लागते. म्हणून ही मंडळी संगणकाच्या आत दुसरा संगणक उभा करतात. तो नुसता प्रोग्रॅमनं बनवलेला असतो, हातात धरता येत नाही, पण वागतो खऱ्यासारखा. ऑफिसात त्याला व्हीएम म्हणतात. बिघडला की पुसायचा आणि नवा उभा करायचा. उभं करायची एक कमांड, थांबवायची एक, पुसायची एक. आणि त्यांच्या अध्येमध्ये हातानं करायची बारीकसारीक कामं. डेटाबेस चालू करा, नमुन्याचे आकडे भरा, काट्याची जोडणी सांगा.

सृष्टीनं पहिल्या आठवड्यात मोजलं. रोज सकाळी प्रत्येकजण सात कमांड टाइप करत होता. एखादी विसरली तर सगळं पहिल्यापासून. नीट झालं तर पंचवीस मिनिटं, चुकलं तर चाळीस. सात माणसं, आठवड्याचे सहा दिवस.

असल्या कमांडच्या आधी काय व्हावं आणि नंतर काय व्हावं, ते एका फाइलमध्ये लिहून ठेवता येतं. एकदा लिहिलं की माणसानं फक्त कमांड द्यायची. पुढंमागचं सगळं आपोआप होतं. सृष्टीनं अकरा दिवस जेवणाच्या सुट्टीत बसून ती फाइल लिहिली. मशीन उभं केलं की नंतर आपोआप डेटाबेस चालू, आकडे भरलेले, जोडणी झालेली. मशीन पुसायचं म्हटलं की आधी आपोआप डेटाबेसची कॉपी बाहेर काढून ठेवायची आणि पुसून झालं की लगेच त्या जागी नवं उभं करायचं.

एक गोष्ट आड येत होती. पुसायची कमांड दिली की मशीन विचारायचं, अमुक नावाचं मशीन नक्की पुसायचं का? हो असेल तर वाय दाबा, नसेल तर एन. माणूस कमांड देऊन चहाला जायचा. पंधरा मिनिटांनी परत यायचा तर काहीच झालेलं नसायचं, प्रश्न तसाच उभा. खुद्द कंपनीचे मालक बंडप्पा सर एकदा असे परत आले आणि कपाळाला हात लावून बसले. सृष्टीनं तो प्रश्न काढला. त्याचं उत्तर आता फाइलच देणार होती. हो.

मग तिनं ऑफिसच्या ग्रुपवर मेसेज टाकला. "आजपासून पुसायची कमांड एकदा दिली की बस. कॉपी आपोआप निघेल, नवं मशीन आपोआप उभं राहील. कशालाही उत्तर द्यायची गरज नाही." पाचजणांचे अंगठे आले. सहावा अंगठा अर्ध्या तासानं आला. तो प्रेमचा.

प्रेम कळंबचा. वय सव्वीस. हळू काम करणारा, पण केलेलं काम पुन्हा बघायला लागू नये असं करणारा. सहा आठवडे तो मोटारसायकलवर कळंब तालुक्यातली केंद्रं फिरत होता. पहाटे पाचला केंद्र उघडतं. तिथं काट्याला लॅपटॉप जोडायचा, दूध येईल तसे आकडे घ्यायचे, मग दुसरं गाव. अशी त्रेचाळीस केंद्रं. सगळे आकडे त्याच्या एका व्हीएममध्ये, त्यानं स्वतः बनवलेल्या वेगळ्या डेटाबेसमध्ये. सृष्टीचा मेसेज आला तेव्हा तो एका केंद्राच्या पत्र्याखाली, दोन कॅनांच्या मधे उकिडवा बसला होता. एका हातानं वायर धरलेली. त्यानं मेसेज उघडला, अंगठा दिला, मोबाइल खिशात टाकला.

प्रेमची एक सवय होती. त्याच्या लॅपटॉपवर चार मशीनं असायची. दिसायला चारी सारखी, काळी खिडकी आणि पांढरी अक्षरं. आपण नेमकं कुठल्या मशीनशी बोलतोय हे बघायला तो पुसायची कमांड टाइप करायचा. मशीन विचारायचं, अमुक मशीन नक्की पुसायचं का? तो नाव वाचायचा आणि एन दाबायचा. नाव बघायची सरळ कमांड आहे, पण ती चालायला वेळ घेते आणि पानभर मजकूर ओतते. ही एका ओळीत काम करायची. बाकीच्यांकडं एकेकच मशीन, त्यांना याची गरज पडत नसे. सृष्टी त्याच्या पाठीला पाठ लावून बसायची. तिला हे माहीत नव्हतं. तिनं कुणाला विचारलंही नव्हतं.

मेसेजनंतर नऊ दिवसांनी, मंगळवारी सकाळी अकराला, प्रेम त्रेचाळिसावं केंद्र करून ऑफिसात आला. बूट दारात काढले, पाणी प्यायला, लॅपटॉप उघडला. मेसेजनंतर पहिल्यांदाच तो ऑफिसच्या नेटला जोडला गेला आणि सृष्टीची नवी फाइल त्यावर आपोआप उतरली. थोड्या वेळानं सृष्टीला मागून एकच शब्द ऐकू आला. "अरे?"

ती वळली. प्रेम दोन्ही हात गुडघ्यावर ठेवून बसला होता. पडद्यावर नवं कोरं मशीन उभं होतं, आकडे भरलेलं, जोडणी झालेलं. तिनं लिहिलं होतं तसं, अगदी बिनचूक.

बंडप्पा सर बाहेर आले. सर मूळचे मुरुमचे. आवाज चढवत नाहीत, खुर्ची ओढून शेजारी बसतात. त्याचीच सगळ्यांना जास्त भीती. त्यांनी नोंद उघडली. वेळ, प्रेमचं नाव, पुसायची कमांड. कॉपी निघाली होती, पण ती सगळ्यांच्या सामायिक डेटाबेसची. फाइलला तेवढाच माहीत होता. प्रेमचा वेगळा डेटाबेस तिच्या गावीही नव्हता.

"हे कसं झालं?" सर म्हणाले.

"माझंच बोट गेलं असंल सर."

"असंल म्हणजे?"

"नाव बघायला कमांड देतो आणि एन दाबतो नेहमी. आज वाय दाबलं गेलं असंल. चारला उठलो होतो."

सृष्टीला लगेच कळलं. वाय दाबलंच गेलं नव्हतं. दाबायला काही विचारलंच नव्हतं. नऊ दिवस झाले, त्या ऑफिसात कुणाचंही मशीन कुणालाही काही विचारत नव्हतं. कमांड देऊन सगळे चहाला जात, त्यामुळं ते कुणाच्या लक्षातही आलं नव्हतं. ती बोलायला उठली, अर्धी उठलीसुद्धा.

"सृष्टीची कॉपी होती म्हणून बाकीचं तरी राहिलं," सर म्हणाले.

ती खाली बसली.

"सोमवारी दूध संघाची माणसं येणार," सर प्रेमला म्हणाले. "त्रेचाळीस केंद्रं दाखवतो म्हणून शब्द दिलाय मी. आता काय दाखवू, तुझं बोट?"  उठताना म्हणाले, "महिनाअखेरपर्यंत थांब. मग दुसरीकडं बघ."

जाताजाता सृष्टीच्या टेबलाशी थांबले. "तुझं कायम केल्याचं पत्र सोमवारी देतो."

बुधवारी ती कुणाला न सांगता पुसलेलं परत मिळतं का ते बघत बसली. मशीन नुसतं पुसलं असतं तर डिस्कच्या कोपऱ्यात काही उरलं असतं. पण पुसून झाल्याबरोबर त्याच जागेवर नवं मशीन उभं राहिलं होतं. उरलंसुरलं त्याच्याखाली गेलं. तेही तिनंच लिहिलं होतं. आपोआप.

त्याच दुपारी तिला दिसलं, प्रेमनं आपल्या कीबोर्डच्या वाय बटनावर जखमेला लावतात त्या पांढऱ्या पट्टीचा तुकडा चिकटवला होता.

"हे काय रे?" ऑफिसातल्या एकानं विचारलं. "बटनाला लागलं का?"

"बोटाला कळावं म्हणून," प्रेम म्हणाला. "खरबरीत लागलं की थांबंल ते."

सगळे हसले. प्रेमही हसला. सृष्टीनं मान वळवली. गुरुवारी ती बोलली नाही. शुक्रवारी बोलायचं ठरवून आली, तर प्रेम सुट्टीवर होता, लातूरला एका ठिकाणी मुलाखतीला गेला होता. हायसं वाटलं तिला. आणि हायसं वाटलं याचीच दिवसभर लाज वाटत राहिली.

शनिवारी तिनं सुट्टी घेतली आणि तेरला घरीच राहिली. सकाळी महारुद्र अंगणात बसून कडबा कुटीच्या यंत्राचं पातं काढत होता. पान्याचे दात झिजलेले, तरी नवा घेत नव्हता. सृष्टी समोर जाऊन बसली.

"अण्णा, मिलमध्ये माणूस आत असताना मिल चालू झाली तर दोष कुणाचा?"

"बटन कुणी दाबलं?"

"दाबणाऱ्याला वाटलं, आधी घंटा वाजंल. नेहमी वाजायची. घंटा वाजली की तो थांबायचा."

"मंग वाजली का न्हाय?"

"काढून टाकली होती."

"कुणी?"

सृष्टीनं खाली पडलेला नट उचलून त्याच्यापुढं धरला. महारुद्रानं पाना आणखी एक फेरा फिरवला. मिलमध्ये साफसफाईला आत जाणारा माणूस आपला पत्र्याचा बिल्ला बटनावर अडकवून जायचा. ज्याचा बिल्ला त्यानंच काढायचा, दुसऱ्यानं हात लावायचा नाही. महारुद्राचा बिल्ला अजून देवळीत आहे. लहानपणी सृष्टी त्याच्याशी खेळायची. 

"सांगितलं व्हतं का त्याला, घंटा काढली म्हणून?"

"मेसेज टाकला होता. त्यानं अंगठा दिला."

"अंगठा आमी बी देत व्हतो. न वाचता."

मथुराबाई चहा घेऊन आली. तिनं अर्धंमुर्धं ऐकलं होतं. "मशीनच ना त्ये? मंग दुसरं आणा म्हणावं. माणूस तर न्हाय ना दगावलं?"

"न्हाय गं," महारुद्र म्हणाला. मग सृष्टीला, "आता त्यो कुठाय?"

"कामावरच आहे. महिनाअखेरपर्यंत."

"आन् त्याला काय वाटतंय?"

"त्याला वाटतंय, त्याचंच बोट गेलं."

महारुद्रानं पाना खाली ठेवला. चहा तसाच राहिला.

"घंटा काढली ती चूक," तो म्हणाला. "चूक कुणाची बी व्हती. पर त्याला त्याच्या बोटावर सोडलंस, हे वाईट केलंस."

एवढं बोलून त्यानं पाना पुन्हा उचलला. काय कर ते सांगितलं नाही.

रविवारी सकाळी सृष्टी एसटीनं कळंबला गेली. प्रेमचं घर तिला माहीत नव्हतं. फोन केला तर तो धान्य बाजारापलीकडच्या रसवंतीपाशी आला, घरच्याच कपड्यांवर. उभ्याउभ्याच तिनं सांगितलं. प्रश्न तिनं काढला. वाय त्यानं दाबलंच नाही. कॉपीत त्याचा डेटाबेस धरायला हवा होता, तिनं विचारलं नाही. सगळं मंगळवारीच तिला कळलं होतं.

प्रेमनं पूर्ण ऐकून घेतलं. मग स्वतःच्या उजव्या हाताकडं बघितलं.

"मंगळवारी कळलं होतं?"

"हो."

"मी पट्टी लावली ती बघितलीस तू."

"बघितली."

"सगळे हसले तेव्हा तू तिथंच होतीस."

"होते."

रसवंतीवाल्यानं दोन ग्लास भरून पुढं केले. कुणी घेतले नाहीत.

"घरी सांगितलंय मी," प्रेम म्हणाला. "झोप न झाल्यानं चूक झाली म्हणून. आई पहाटे उठवायची मला. ती म्हणती, म्या उठवलं न्हाय पायजे व्हतं." मग त्यानं विचारलं, "सरांना सांगितलंस?"

"उद्या सांगते."

"मग आधी त्यांना सांगायचं. मला सांगून तुझं ओझं कमी झालं, माझं काय झालं?"

तो गेला. सृष्टीनं दोन्ही ग्लासांचे पैसे दिले आणि स्थानकावर येऊन बसली. पुढची गाडी पाऊण तासानं होती.

सोमवारी संघाची माणसं अकराला येणार होती. सृष्टी साडेनऊलाच सरांच्या खोलीत गेली आणि फाइल उघडून दाखवली. प्रश्न जिथं काढला ती ओळ. कॉपी जिथं एकाच डेटाबेसची निघते ती ओळ. सरांनी दोन्ही ओळी वाचल्या. टेबलावर तिचं पत्र होतं, सही झालेलं. त्यांनी ते उचलून खणात टाकलं.

"सहा दिवस होते तुझ्याकडं."

"हो सर."

"त्याच दिवशी बोलली असतीस तर मीच हसत म्हणालो असतो, दोघं मिळून पुन्हा करा. आता हसता येत नाही." सर खिडकीतून खाली बघत राहिले. "प्रेम राहील, त्याला मी सांगतो. तू राहतीस का नाही, ते तू त्रेचाळीस केंद्रं पुन्हा केल्यावर बघू. ऑफिसचं काम सांभाळून. गाडी तुझी."

संघाची माणसं आली, चहा घेतला, दीड महिन्याची मुदत देऊन नाराजीनं गेली. दुपारी सृष्टीनं फाइलमध्ये प्रश्न परत घातला. आता नुसतं वाय चालत नाही. पुसायचं त्या मशीनचं पूर्ण नाव हातानं टाइप करावं लागतं. आणि त्याआधी मशीनमध्ये असतील तेवढ्या सगळ्या डेटाबेसची कॉपी निघते. एक जरी निघाली नाही तर सगळं तिथंच थांबतं. दोघातिघांनी कुरकुर केली.  प्रेमच्या वायवरची पट्टी अजून तशीच होती.

दुसऱ्या दिवसापासून सृष्टी पहाटे स्कूटी काढू लागली. जाताना एक केंद्र, मग ऑफिस. संध्याकाळी दुसरं जमलं तर दुसरं. कंबर धरायची, बोटं वायरीला चिकटायची. पहिल्या आठवड्यात आठ केंद्रं झाली. प्रत्येक ठिकाणी दहा दहा आकडे घेतले, वहीतही उतरवून ठेवले. प्रेम ऑफिसात तिच्याशी कामापुरतंही बोलत नव्हता. लागलंच तर ग्रुपवर लिहायचा.

नववं केंद्र हरणाबाईचं. साठीची बाई, दोन सुना हाताखाली, तोंड सारखं चालू. सृष्टीनं काट्याला लॅपटॉप जोडला आणि उपड्या घमेल्यावर बसली.

"त्यो कळंबचा पोरगा येऊन गेला की," हरणाबाई म्हणाली. "पुन्यांदा कशाला?"

"त्यानं घेतलेले आकडे माझ्यामुळं पुसले गेले, मावशी."

"अगं माय. समदे?"

"समदे."

"मंग त्यानं काय केलं नाय तुला?"

"बोलत नाही."

"बोलू नये," हरणाबाई म्हणाली आणि कॅनचं झाकण लावलं.

दूध येत गेलं. सृष्टीनं दहावा आकडा घेतला आणि वायर सोडवायला हात घातला.

"झालं?" हरणाबाई म्हणाली. "त्यो तर पंधरा घेत व्हता. पयले पाच लिहून कागुद फाडायचा. म्या म्हणलं, येडं हाय का काय."

सृष्टीचा हात वायरीवर तसाच राहिला. मग तिनं मोबाइल काढला आणि ग्रुपवर नाही, थेट प्रेमला लिहिलं, "प्रत्येक केंद्रावर पंधरा आकडे का घेत होतास?"

उत्तर यायला वेळ लागला. तोवर तिनं आणखी पाच आकडे घेतले.

"काटा सुरुवातीला थंड असतो," प्रेमनं लिहिलं होतं. "पहिले पाच आकडे हलतात. टाकून द्यायचे असतात. त्याच्या पुढचे दहा खरे."

पहिल्या आठ केंद्रांचे आकडे तिनं लॅपटॉपवर उघडले. प्रत्येक ठिकाणी दहा. त्यातले पाच टाकले तर पाच उरत होते, आणि पाचावर काही ठरत नाही. पहिलं केंद्र इथून तीस किलोमीटरवर होतं.

तिनं उत्तराला अंगठा निवडला. पाठवायच्या आधी तो खोडला आणि लिहिलं, "वाचलं. आठही केंद्रं पुन्हा करते."

मग तिनं स्कूटी फिरवली.